पंप बदलण्याआधी लोडवर व्होल्टेज मोजा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत चार महिने माझी पेट्रोल गाडी रस्त्यात कुठंही बंद पडत होती आणि चार महिन्यांत मी १२ हजार ३५० रुपये घालवले, शेवटी दोष निघाला एका गंजलेल्या बोल्टात, जो काढून घासून परत बसवायला मला ४० रुपयांचं सामान लागलं. पैशाचं दुःख आहेच पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. गाडी ज्या दिवशी शिरोलीला पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं बंद पडली त्या दिवशी मागच्या सीटवर माझी सात वर्षांची नात झोपली होती आणि मागनं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत होता. इंजिन गेलं की पॉवर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकचा पेडल दोनदा दाबला की तिसऱ्यांदा दगडासारखा लागतो, आणि आपण हजार्ड लाइट लावून काचेतनं हात दाखवत बसतो. ट्रॅक्टरवाल्यानं वेळेत बघितलं म्हणून निभावलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण मला खात्री आहे की कोल्हापुरात अशा गाड्या अजून बऱ्याच फिरतायत आणि त्यांच्या मालकांना कुणीतरी आज पंप बदलायला सांगत असणार.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन म्हणून ३१ वर्षं काढली. मोटरी, पॅनेल, क्रेन हे माझं काम, गाड्यांचं नाही. त्यामुळं गाडी बिघडली तेव्हा मी सरळ गॅरेजला नेली आणि मिस्त्री सांगतील ते केलं.

आधी लक्षण सांगतो. सकाळी गाडी एका सेल्फला चालू, एकदम झकास. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालली की पिकअप कमी व्हायचा, दोन-चार झटके मारायची आणि बंद. मग सेल्फ मारला तरी इंजिन नुसतं फिरायचं, घेत नव्हतं. वीस मिनिटं थांबलो की काही झालंच नाही अशी चालू व्हायची. आणि एक गोष्ट, जी आम्ही सगळ्यांनी ऐकली आणि सोडून दिली, ती आमच्या मंडळीनं पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, "अहो, तुम्ही ब्रेक दाबला की तो पेट्रोलचा काटा नाचतोय बघा." मी म्हटलं काटा जुना झालाय. गॅरेजमध्ये पण तिनं सांगितलं, ते म्हणाले वहिनी त्याचा संबंध नाही, मीटर वेगळा आणि पंप वेगळा. संबंध होता आणि अख्खं उत्तर त्या काट्यातच होतं.

गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, ११५० रुपये. मग थ्रॉटल बॉडी साफ, ८००. मग स्कॅनर लावला, त्यात एकपण फॉल्ट नाही. मग इग्निशन कॉइल, २८००. तरी तेच. मग म्हणाले फ्युएल पंप गेलाय, आणि माझ्यासमोर मागची सीट उचलून पंपाचा कपलर (वायरींचा जोड) काढला, मीटर लावला, चावी ऑन केली, १२.४ व्होल्ट. "बघा काका, करंट फुल येतोय म्हणजे पंपच वीक." मला पटलं. मी ३१ वर्षं ज्या चुकीसाठी हाताखालच्या पोरांना ओरडलो ती चूक माझ्या डोळ्यासमोर झाली आणि गाडीच्या बाबतीत मला ती दिसली नाही. नवीन पंप ७६०० मजुरीसकट.

तीन आठवडे गाडी सुंदर चालली. म्हणून सगळ्यांची खात्री पटली की पंपच होता. चौथ्या आठवड्यात शिरोलीचा तो प्रसंग झाला. टोचन लावून गाडी आणली, आता म्हणाले ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, २४ हजार. तिथं मी हात जोडले आणि गाडी घरी आणली.

आता मुद्द्याचं. चावी ऑन केल्यावर पेट्रोल गाडीचा पंप दोन-तीन सेकंद चालतो, टाकीतनं घूं असा आवाज येतो, मग इंजिन फिरायला लागलं की तो कायम चालू. पंप म्हणजे टाकीत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेली छोटी डीसी मोटर, माझ्या गाडीत साधारण साडेचार अँपिअर खाणारी. तिनं साधारण तीन बारचं प्रेशर धरून ठेवायचं, त्या भरवशावर ईसीएम इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा) किती वेळ उघडायचा ते ठरवतो. मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की ती हळू फिरणार, प्रेशर पडणार, पण साध्या गाडीत प्रेशर मोजायला सेन्सरच नसतो, ईसीएम आपला पहिल्याच हिशोबानं इंजेक्टर उघडत बसतो, इंजिनला पेट्रोल पुरत नाही आणि ते झटके मारून बंद पडतं. स्कॅनर काय दाखवणार? बऱ्याच गाड्यांत ईसीएमचं लक्ष फक्त रिलेच्या (पंपाला करंट सोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर असतं, रिलेच्या पुढं पंपापर्यंत आणि पंपापासून परत बॉडीपर्यंतच्या वायरमध्ये काय चाललंय ते त्याला कळतच नाही.

आणि कपलर काढून मोजलेले ते १२.४ व्होल्ट? ते खरेच होते, पण त्याला काही अर्थ नव्हता. कपलर काढला म्हणजे वायरमधनं करंट वाहतच नाही, आणि करंट नाही तर गंजलेल्या जॉइंटवर व्होल्टेज पडणार कसं. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर फुल १२ दाखवणार. पेठेत ज्यांच्या नळाचा व्हॉल्व्ह चोंदलाय त्यांनी आठवून बघावं, नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण, नळ सोडला की करंगळीएवढी धार. तसंच. मोजायचं ते नळ सोडून, म्हणजे कपलर लावलेला, पंप चालू, इंजिन चालू. यालाच लोडवर मोजणं म्हणतात.

मी काय केलं ते सांगतो. पुतण्याला बोलवलं. मागची सीट उचलली, टाकीच्या झाकणाला हात लावला नाही, फक्त वरचा कपलर. त्यात चार वायरी, दोन जाड पंपाच्या, दोन बारीक काट्याच्या. मंडळीच्या शिवणाच्या डब्यातल्या दोन लांब टाचण्या घेतल्या आणि कपलरच्या पाठीमागनं, वायरीच्या कडेनं अलगद आत सरकवल्या, इन्शुलेशनला भोक न पाडता, आणि एकमेकींना लागू नयेत म्हणून दोन्हीला टेप मारला. इंजिन चालू केलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपावर १०.४. साडेतीन व्होल्ट वाटेत कुठंतरी मरत होते!

वाटा दोनच, जायची आणि यायची. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत मीटर धरला (लांब वायर जोडून), ०.४ व्होल्ट. हे चालतंय, फ्यूज, रिले, दोन कपलर पार करून येतंय म्हटल्यावर एवढं पडणार. मग बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या काळ्या वायरपर्यंत. ३.१ व्होल्ट. पुतण्या म्हणाला मामला संपला काका, आणि खरंच संपला होता, ०.४ आणि ३.१ मिळवा, पंपाचे १०.४ मिळवा, १३.९ बरोबर येतात. व्होल्ट कुठं हरवत नसतात, फक्त आपण हिशोब लावत नाही. पंप चांगला, रिले चांगला, ईसीएम चांगला, अर्थिंग, म्हणजे बॉडीतनं बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, गेलेलं.

मग मी पुतण्याला म्हटलं, मी गाडीत बसतो, तू नुसता ब्रेक दाब. दाबला, १०.४ चे ८.६ झाले. सोडला, परत १०.४. आणि डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा हलला! मागच्या दोन ब्रेक लाइट २१-२१ वॅटच्या, म्हणजे दोन्हींचा मिळून साधारण साडेतीन अँपिअर, आणि त्यांचा अर्थिंग, काट्याचा अर्थिंग आणि पंपाचा अर्थिंग सगळे एकाच बोल्टला. ब्रेक दाबला की त्या गंजलेल्या बोल्टातनं जाणारा करंट जवळजवळ दुप्पट. म्हणून गाडी सिग्नलला, स्पीडब्रेकरला, तावडे हॉटेलजवळच्या गर्दीत बंद पडायची, मोकळ्या रस्त्याला कमी. म्हणून रात्री जास्त, कारण टेल लाइटचा करंट पण त्यातच. चार महिने हे कोडं होतं आणि आमच्या मंडळीनं ते पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

चाळीस मिनिटांनीच का, तर त्याचं पण उत्तर आहे. ३.१ व्होल्ट गुणिले साडेचार अँपिअर म्हणजे चौदा वॅट, एवढी उष्णता त्या एका बोल्टाखाली सारखी तयार होत होती. जॉइंट तापला की आणखी खराब होतो, आणखी तापतो. आम्ही वायरी पुढच्या सीटपर्यंत ओढून, पुतण्याला गाडी चालवायला देऊन मी मीटर मांडीवर घेऊन कावळा नाक्यावरनं शिये फाट्याकडं निघालो. सुरुवातीला १०.४, वीस मिनिटांनी ९.७, अर्ध्या तासानं ९.१, मग एका ट्रकमागं ब्रेक दाबल्यावर ७.२ आणि गाडीनं झटका मारला. कडेला घेतली तोपर्यंत बंद. मीटरवर आकडे पडत जाताना बघणं आणि त्याच वेळी पायाखाली इंजिन दम तोडताना जाणवणं, ते ज्यानं एकदा बघितलं तो परत कधी अंदाजानं पार्ट बदलणार नाही.

बोल्ट सापडला मागच्या दाराच्या उंबऱ्यालगत, प्लास्टिकच्या पट्टीखाली आणि कार्पेटखाली. चार काळ्या वायरींचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), बोल्ट वरनं अगदी ठीक दिसत होता, हातानं हलला पण नाही. खोलला तर खाली थिंबलच्या पोटाला हिरवा-पांढरा कीट आणि बॉडीच्या पत्र्यावर तांबडा गंज, पापुद्र्यासारखा निघाला. कार्पेट उचलून वास घेतला, नदीच्या गाळाचा वास. २०२१ च्या जुलैमध्ये गाडी जामदार क्लबच्या बाजूला पाहुण्यांच्या दारात उभी होती, पाणी फ्लोअरपर्यंत आलं होतं, इंजिनला लागलं नव्हतं म्हणून आम्ही धुऊन वाळवून वापरायला काढली आणि विसरून गेलो. त्या पाण्याचा परिणाम असा वर्षांनी वर आला.

बॅटरीचा मायनस आधी काढला, मग पत्रा पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासला, वायरी थोड्या मागं कापून नवीन थिंबल क्रिंप केले, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला आणि वरनं व्हॅसलीन. परत इंजिन चालू. अर्थिंगला ०.०६ व्होल्ट. पंपावर १३.४. ब्रेक दाबला, काटा जागेवर. त्याला आता दोन महिने होत आले, पन्हाळा झाला, गगनबावड्याचा घाट दोनदा झाला, एक झटका नाही.

नवीन पंपावर तीन आठवडे गाडी का चालली हे मला बरेच दिवस छळत होतं. पंप बसवताना मिस्त्रींनी मागच्या बाजूचं सगळं हलवलं, कार्पेट ओढलं, वायरी ताणल्या, त्यात तो थिंबल थोडा घासून जागा बदलून बसला असणार आणि तेवढ्यापुरता कॉन्टॅक्ट मिळाला असणार. इलेक्ट्रिकल फॉल्टमध्ये हे नेहमी होतं, फौंड्रीत पण व्हायचं, कपलर काढून लावला की चालू, आणि श्रेय मिळतं नवीन पार्टला. माझा जुना पंप मागितला तर म्हणाले भंगारात गेला. तो चांगला होता हे आता मी सिद्ध करू शकत नाही, पण आकडे सगळे समोर आहेत.

पंप खराब होत नाहीत असं मी म्हणत नाही. सारखी रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे जातात, कारण आजूबाजूचं पेट्रोलच त्या मोटरला थंड ठेवतं. गाडी चालू होत नसताना टाकीच्या बुडाला हाताच्या मुठीनं चार ठोके दिले आणि चालू झाली तर पंपाचा ब्रश झिजलेला असायची शक्यता मोठी. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते ईसीएमला सांगणारा) तापून बंद पडला तरी गाडी अशीच गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते, तिथं ओळख वेगळी, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बऱ्याच गाड्यांत शून्यावर पडून राहतो, पंपाच्या दोषात तो थोडा तरी उचलतो. फिल्टर चोंदतो. रिलेच्या आतला सोल्डर तडकतो, तो बघायला त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथं लावून बघायचा, दोन मिनिटाचं काम. या सगळ्याला पैसे लागत नाहीत, आणि सगळ्यात आधी करायची ती लोडवरची दोन मापं, प्लस बाजू आणि अर्थ बाजू. कुठल्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर पंपाला हात लावायचा नाही, आधी वायर शोधायची. फक्त एक, पेट्रोलचा वास येत असेल तर हे काहीही करू नका, आणि फ्यूज उडतोय म्हणून १५ च्या जागी ३० चा घालू नका, वायरच फ्यूज होऊन पेटते.

मिस्त्रींच्या बद्दल माझ्या मनात राग नाही, हे मुद्दाम लिहितो. हातात कला असलेला माणूस आहे, गिअरबॉक्स डोळे झाकून जोडतो. त्याला लोडवर व्होल्टेज मोजायला कुणी शिकवलंच नाही. ज्या गावात उद्यमनगरसारखी वसाहत आहे, जिथं लेथवर सुताचा फरक अंगठ्याला कळणारी माणसं आहेत, जिथल्या ऑइल इंजिनांनी सगळ्या महाराष्ट्राच्या विहिरी उपसल्या, त्या गावात गाडीची वायरिंग अंदाजानं बघितली जावी हे मला सहन होत नाही. मोजून काम करणं ही इथली जुनी सवय आहे. टर्नर मायक्रोमीटर लावल्याशिवाय पीस सोडत नाही, मग गॅरेजमध्ये सात हजाराचा पार्ट लोडवर मीटर न लावता कसा काय बदलला जातो?

म्हणून आपल्या पेपरमधनं माझं गॅरेजवाल्यांच्या संघटनांना कळकळीचं सांगणं आहे, पंप, कॉइल, ईसीएम असा महागाचा इलेक्ट्रिकल पार्ट बदलायच्या आधी बिलावर किंवा जॉब कार्डवर तीन आकडे हातानं लिहा, इंजिन चालू असताना बॅटरीवर किती, पार्टवर किती, अर्थिंगला किती पडले. गिऱ्हाइकाला कळो न कळो, लिहायचं म्हटलं की मोजावं लागतं. आणि काढलेला पार्ट न मागता गिऱ्हाइकाच्या हातात द्या. कळंबा रोडच्या आयटीआयला विनंती आहे की, गॅरेजमध्ये काम करत शिकलेल्या पोरांसाठी संध्याकाळचे चार-पाच दिवसांचे वर्ग घ्या, मीटर, टेस्ट लॅम्प आणि व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट पडतात ते) एवढाच विषय. शिकवायला माणूस कमी पडला तर मी येतो, पैसे नकोत, माझ्याकडं तो गंजलेला थिंबल आणि जुन्या वायरीचा तुकडा ठेवलाय, पोरांना हातात देऊन दाखवता येईल.

आणि पूरग्रस्त भागातल्या गाडीवाल्यांना. २०१९ ला किंवा २०२१ ला ज्यांची गाडी फ्लोअरपर्यंत भिजली, मग ती इथली असो, नाहीतर शिरोळ, इचलकरंजी, सांगलीकडची असो, किंवा तशी गाडी ज्यांनी सेकंड हँड घेतलीय आणि घेताना कुणी सांगितलं नाही, त्यांनी या पावसाच्या आधी, म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटाच्या इशाऱ्याकडं चालली अशा बातम्या आपल्या पेपरात यायच्या आधी, दाराच्या उंबऱ्याची पट्टी आणि कार्पेट एकदा उचलून बघावं. काळ्या वायरी जिथं बॉडीला बोल्टनं बसल्यात ते सगळे बोल्ट एकेक खोलून, घासून, परत कसून घ्यावेत. वायरिंगवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ब्रेक दाबल्यावर पेट्रोलचा काटा हलत असेल, किंवा इंडिकेटर दिल्यावर मागचे लाइट मंद होत असतील, तर पावसाची पण वाट बघू नका. तोवर हायवेवर बंद पडलीच तर आधी माणसं गाडीतनं उतरवून बॅरिकेडच्या पलीकडं उभी करा, मग १०३३ ला (हायवेच्या हेल्पलाइनला) फोन लावा, सेल्फ मारत आत बसून राहू नका, मी ती चूक केली तेव्हा नात मागं झोपलेली होती.

आपला नम्र,
एक निवृत्त मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन
शुक्रवार पेठ, कोल्हापूर